ग्रंथ जपावा की द्यावा?

वारकऱ्याच्या घरी ग्रंथ नाही असे सहसा होत नाही. छप्पर गळत असेल, पण देवघराच्या कोनाड्यात लाल बासनात गुंडाळलेली पोथी असतेच. सप्ताह आला म्हणजे ती बाहेर निघते. तिला बुक्का-फुले वाहतात, सात दिवस ती गावापुढे उघडी राहते आणि काल्याचा प्रसाद वाटून झाला की पुन्हा बासनात जाते. रोज नेमाने दहा ओव्या वाचल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारे पुष्कळ आहेत, त्यांना आमचा बोल नाही. पण बाकीच्यांच्या घरी, आणि विशेषतः आमच्या मंदिरांतल्या कपाटांत, ही पोथी उरलेले ३५८ दिवस काय करते, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो हर्सूलच्या एका पोराने पाडला.

हर्सूल हे छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तर अंगाचे गाव. आता शहराने त्याला पोटात घेतले आहे, तरी जुन्या गावठाणात अजून गावपण टिकून आहे. तेथल्या एका लहान मंदिरात मागल्या श्रावणात सप्ताह होता, आणि ग्रंथांच्या कपाटाची किल्ली तेवढ्यापुरती आमच्याकडे दिलेली होती. कपाटात सार्थ ज्ञानेश्वरीच्या अकरा प्रती, गाथेच्या चार, एकनाथी भागवताच्या दोन आणि हरिपाठाची छोटी पुस्तके होती. पाचव्या दिवशी कीर्तन संपल्यावर सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पुढे आला. जळगाव रस्त्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली तो काम करतो. हात धुऊन आला होता, पण नखांत काळे ऑइल होतेच. म्हणाला, "महाराज, ही ज्ञानेश्वरी घरी नेऊ का? आठ दिवसांनी आणून देतो."

आम्ही म्हटलं, "बाळ, इथंच बसून वाच. घरी नेलेली पोथी परत येत नाही बघ."

तो म्हणाला, "इथं कधी वाचू? मी सुटतो तव्हा इथं कुलूप असतं."

एवढे बोलून त्याने वाकून नमस्कार केला आणि तो गेला. रागावला नाही, हट्टही धरला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. आम्ही त्याला चार शब्द सुनावले असते आणि निवांत झोपलो असतो.

आमच्या नकाराला कारण नव्हते असे नाही. काही वर्षांमागे एका गृहस्थाने गाथेची प्रत नेली ती नेलीच. तेव्हापासून कपाटाला कुलूप आले. एकाने बुडवले आणि शंभरांना शिक्षा झाली. हा न्याय आपण घरातसुद्धा लावत नाही, मग मंदिरात तो कसा लागू झाला, हे त्या रात्री आम्हाला उमगेना.

आता, जपणाऱ्यांची बाजू आम्ही हलकी मानत नाही. एक काळ असा होता की एक पोथी म्हणजे एका माणसाच्या कित्येक महिन्यांची मेहनत. शाई घरी घोटायची, बोरू तासायचा आणि पान पान उतरून काढायचे. अशी पोथी पुरात गेली, वाळवीने खाल्ली किंवा कोणी नेऊन हरवली, तर ती कायमचीच गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, पैठणास नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर ज्ञानेश्वरी होऊन जवळजवळ तीनशे वर्षे उलटली होती आणि पाठांत भेसळ शिरली होती. शुद्ध करायला जुन्या प्रती हाताशी होत्या, कारण मधल्या पिढ्यांत कोणीतरी त्या जिवापाड जपल्या होत्या. तुकोबांच्या गाथेचेही तेच. १८६९ ते १८७३ या वर्षांत शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत निघाली. तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या हस्तलिखित पोथ्या मिळवाव्या लागल्या. जपणारे नसते तर छापणाऱ्यांनी काय छापले असते?

पण येथेच विचार थांबवला तर फसगत होते. त्या जपणाऱ्यांनी पोथी जपली ती कशासाठी? नाथांनी शुद्ध प्रत केली ती बासनात बांधून ठेवण्यासाठी नव्हे. तिच्यावरून पुढच्यांनी उतरून घ्यावे आणि गावोगाव ती जावी म्हणून केली. नेवाशास इ.स. १२९० साली माऊली बोलत गेली आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, तेही संस्कृतच्या कुलपात अडकलेला गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत मोकळा व्हावा म्हणून. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, त्यानंतर ती कशी तरली हे आपण दरवर्षी कीर्तनात सांगतो. संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून घेतले होते, आणि लोकांच्या मुखी तर ते होतेच. दिलेले होते म्हणून राहिले. एकाच पेटीत असते तर पेटीबरोबर गेले असते. म्हणजे देणे हीच आपल्या संप्रदायात जपण्याची खरी रीत ठरली, आणि कुलूप ही छापखान्यानंतर सुचलेली, तशी अलीकडची गोष्ट आहे. हस्तलिखिताला जी काळजी शोभत होती ती आपण दोनशे-चारशे रुपयांच्या छापील प्रतीला लावून बसलो आहोत.

दुसरा एक आक्षेप थोडक्यात सांगून टाकतो. कित्येकांना वाटते की पोथी कोणाच्याही हाती गेली म्हणजे तिचे पावित्र्य जाते. ऑइलचे हात, खरकटे हात, सोवळे-ओवळे. गोरोबांचे हात चिखलाचे होते आणि सावतोबांचे मळ्यातल्या मातीचे. चोखोबांना महाद्वाराबाहेर उभे केले, ती चूक आपण अजून फेडतो आहोत. या आक्षेपाला आमच्याकडे याहून जास्त जागा नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला पुस्तक मिळण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या भाषेशी आमचे वैर नाही. वली आणि सिराज यांचे हे शहर आहे. पण शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या आईच्या भाषेतले पुस्तक हाती पडण्याच्या जागा फार थोड्या होत्या, आणि लोकांनी वर्गणी काढून चालवलेली वाचनालये ही त्यांतली एक. शहरातले बळवंत वाचनालय त्या काळापासूनचे. कोणी पुस्तके दिली, कोणी दिव्याचे तेल दिले, कोणी बसायला ओसरी दिली. अशा ठिकाणी वर्तमानपत्र एकजण मोठ्याने वाची आणि दहाजण ऐकत. आपल्या पारायणाची रीतही तीच नाही का? वाचणारा एक, पण श्रवणाचे फळ सर्वांना.

पुढे कायदे आले. स्वातंत्र्याआधी १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला, मद्रासने १९४८ साली, आणि आपला भाग ज्या हैदराबाद राज्यात होता त्या राज्याने १९५५ साली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली आज बारा हजारांच्या आसपास ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने सरकारी अनुदान मिळते. अनुदान तुटपुंजे असते, ग्रंथपालाला त्यात संसार चालवता येत नाही, हे सारे खरे. पण कायद्याने कपाट मिळते, त्याची किल्ली कोणाकडे राहावी हे कायदा सांगू शकत नाही. सरकारी मदतीने घेतलेली आणि वीस वर्षांत एकदाही न उघडलेली पुस्तके आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. कडक, कोरी, पाने एकमेकांना चिकटलेली. जमाखर्चात ती सुरक्षित होती.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासकडचे मोठे ग्रंथालयशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यातले पहिले सूत्र इतके साधे आहे की हसू यावे: ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. एवढे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणी म्हणेल. पण युरोपात एके काळी मठ-मंदिरांतले ग्रंथ चोरीला जाऊ नयेत म्हणून फळीला लोखंडी साखळीने बांधून ठेवीत. वाचायचे तर साखळी पोचेल तेवढ्या अंतरात उभे राहून वाचायचे. हे ऐकून आम्ही हसणार होतो, तेवढ्यात आमच्या कमरेची किल्ली वाजली.

साखळीवरून हर्सूलची दुसरी गोष्ट आठवते. ती सांगितल्यावाचून हा प्रश्न पुरा होत नाही. बाहेरच्या माणसाला हर्सूल म्हटले की एकतर तलाव आठवतो, नाहीतर तुरुंग. 'हर्सूलला गेला' या शब्दांचा आमच्या भागात काय अर्थ होतो हे सर्वांना ठाऊक आहे. मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून टाळ वाजवीत जाताना आमच्या मनात अनेकदा आले आहे की आपला गजर भिंतीपलीकडे ऐकू जात असेल का. वाचनालय हे गावासाठी असते म्हणतात. मग भिंतीपलीकडली माणसे गावात मोजायची की नाही?

तुरुंग आणि ग्रंथ यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले. पुस्तके मागवून जवळ ठेवण्याची मुभा मिळाली म्हणून ते लिहून झाले, आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, साने गुरुजींनी ते उतरून घेतले, आणि गीताप्रवचने घरोघर गेली. पण हे दाखले देऊन आपण सहज सुटतो. टिळक-विनोबा हे देशासाठी आत गेलेले पुरुष. त्यांना ग्रंथ द्यावा यात वाद कसला? प्रश्न चोराचा आहे. ज्याने दुसऱ्याचे घर फोडले, कोणाचा जीव घेतला, त्याच्या हाती ज्ञानेश्वरी द्यायची काय?

यावर ज्याचे घर फोडले तो माणूस विचारील, "आम्हाला पोथी घ्यायला पैसा नाही, आणि त्याला सरकार फुकट देणार?" हा प्रश्न कडू आहे आणि त्याला 'क्षमा करा' एवढे सांगून आम्ही गप्प करू इच्छीत नाही. त्या माणसाची झीज भरून निघालीच पाहिजे, आणि त्याच्या दारीही ग्रंथ पोचलाच पाहिजे. पण पोथी ही बक्षीस आहे असे धरल्यामुळे हा घोटाळा होतो. पोथी औषधासारखी आहे. औषध चांगल्या माणसालाच द्यावे असे कोणी वैद्य म्हणत नाही. माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवाकडे जे मागितले त्यात दुष्ट माणसे नाहीशी व्हावीत असे नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा असे आहे. आता हा वाकडेपणा जायचा तर तो ग्रंथावाचून, सत्संगावाचून, भिंत आणि गज यांनीच जाईल काय? वाल्याची कथा आपण लहान पोरांना सांगतो आणि मोठेपणी विसरतो. नारदांनी त्याला नाम दिले तेव्हा तो वाल्मीकी झालेला नव्हता.

जगानेही हे मानले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांना कसे वागवावे याचे नियम नव्याने केले. स्वतः सत्तावीस वर्षे कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेला यांचे नाव त्या नियमांना आहे. त्यातल्या ६४ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक तुरुंगात सर्व प्रकारच्या कैद्यांसाठी ग्रंथालय असावे आणि त्यांना वाचायला उत्तेजन द्यावे. येथे 'सर्व प्रकारच्या' हे शब्द आम्हाला पंढरीच्या वाळवंटासारखे वाटले. तुरुंगातल्या माणसाला पुस्तक द्यावे असा जगाचा नियम, आणि मोकळ्या माणसाला, दिवसभर राबून आलेल्या पोराला, आम्ही नको म्हटले.

आता पुस्तक देणे म्हणजे नेमके काय देणे, हे पाहिले पाहिजे. अन्नदान आपल्याला समजते. पंगतीत बसलेल्याला आपण जात विचारत नाही, परत काय देशील हेही विचारत नाही. पण खाल्लेले अन्न संपते. ग्रंथ तसा नाही. तो जातो आणि परत यावा लागतो. म्हणून ग्रंथ देणे हे अन्न देण्याहून अवघड आहे, कारण त्यात विश्वास टाकावा लागतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याला सावकार दारात उभा करीत नाही, त्या माणसाला वाचनालय एका सहीवर मोलाची वस्तू घरी नेऊ देते. 'तू परत आणशील' असे त्याला गावातले दुसरे कोण म्हणते? आमची समजूत अशी झाली आहे की वाचनालयाचा गावाला जो उपयोग होतो त्यातला निम्मा पुस्तकात असतो आणि निम्मा या भरवशात. विश्वास टाकलेला माणूस बहुतेक वेळा त्याला जागतो. क्वचित जागत नाही. तेवढे नुकसान हा त्या व्यवहाराचा खर्च आहे, दिव्याच्या तेलासारखा.

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाईलवर मिळते, कपाट उघडे काय आणि बंद काय. ज्ञानेश्वरी मोबाईलवर आहे हे खरे, आणि आमच्यातलेही काही वारीच्या वाटेवर तीच वाचतात. पण शहरातल्या वाचनालयांत संध्याकाळी जाऊन पाहावे. परीक्षांचा अभ्यास करणारी पोरे-पोरी टेबलाला टेबल लावून बसलेली असतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथे त्यांना मोबाईल आहे, पण शांत कोपरा नाही, नीट उजेड नाही. वाचनालय त्यांना तो देते.

आणि विश्वासाचा दाखला पाहायला लांब जावे लागत नाही. याच शहरात २०२१ साली शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या गल्लीतल्या मुलांसाठी स्वतःजवळची पुस्तके वाचायला मांडली. टाळेबंदीने शाळा बंद पडलेल्या, मुलांनी काय करावे? त्यातून मोहल्ला लायब्ररी नावाची चळवळ उभी राहिली आणि आज वस्त्यावस्त्यांत अशा तीसच्या वर लायब्रऱ्या झाल्या आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० पासून जे राज्याच्या खजिन्यातून केले, पुस्तके पेट्यांत घालून खेडोपाडी पाठवली, त्याच वाटेने हे पोर आपल्या घरातली पुस्तके घेऊन निघाले. भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तिथे लोकांनी घराच्या ओसऱ्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. पुढे त्या योजनेत आपले वेरूळही आले. हे वाचून आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. पोथीला पालखीत बसवणारे आम्ही. पण आमची पोथी पालखीतून उतरली की कपाटात जाते, आणि त्या मुलीचे पुस्तक पोरांच्या दप्तरात.

हर्सूलच्या लोकांना देण्याची रीत मुळात शिकवावी लागू नये. शेकडो वर्षे या बाजूचे पाणी शहराने प्यालेले आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदली ती याच अंगाला, डोंगराच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरात नेण्यासाठी. १९५४ साली तलाव झाला, आणि जुन्या शहराच्या काही भागाला त्याचे पाणी अजून जाते. तलाव साठवतो म्हणून नहर वाहते, हे आम्हाला मान्य आहे. पण नुसताच साठवून ठेवलेला तलाव उन्हाने आटतो, आणि त्या पाण्याचा हिशेब कोणी मागत नाही.

असो. सप्ताहाच्या सातव्या दिवशी काला झाल्यावर आम्ही चार-पाच जण बसलो. वाद झाला. एका वृद्ध विणेकरीबुवांनी तर सांगितले, "पोथ्या गेल्या तर भरून द्याल का तुम्ही?" आम्ही म्हटलं, "देऊ." (हे बोलून गेलो खरे, पुढे खिसा चाचपला.) शेवटी असे ठरले की एक चांगली ज्ञानेश्वरी, एक गाथा आणि एक भागवत व्यासपीठासाठी राखून ठेवायचे आणि बाकी सारे घरी न्यायला द्यायचे. किल्ली आमच्याकडे नको, पुजाऱ्याकडेही नको. मंदिराशेजारी पिठाची गिरणी आहे, ती रात्री नऊपर्यंत चालते. गिरणीवाल्याकडे किल्ली आणि शंभर पानी वही. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. अनामत नाही, दंड नाही.

याला आता काही महिने झाले. नेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत, हे आमच्या ध्यानीमनी नव्हते. दळण घेऊन येतात आणि डब्यावर पुस्तक ठेवून जातात. हरिपाठाची दोन पुस्तके आणि एक ज्ञानेश्वरी परत आलेली नाही. ज्याने नेली त्याचे नाव वहीत आहे, पण तो वाळूजकडे कामाला गेला म्हणतात. भरून देण्याचा शब्द आम्ही पाळला. एका प्रतीच्या नवव्या अध्यायावर हळदीचे बोट उमटले आहे. विणेकरीबुवांनी ते पाहिले, चष्मा वर केला, पुन्हा पाहिले आणि काही न बोलता पान उलटले.

तो मुलगाही आला होता. आठ दिवसांनी आणतो म्हणाला होता, त्याने पंधरा दिवस लावले. ज्ञानेश्वरीला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले, आणि बाराव्या अध्यायाच्या कडेला अंगठ्याचा काळा ठसा. तो पुसायचा प्रयत्न केल्यामुळे जास्तच पसरला होता. त्याबद्दल त्याने आधीच माफी मागितली. आता गाथा घेऊन गेला आहे. वहीत तारीख लिहिलेली आहे. अजून चार दिवस आहेत.